आमची वाटचाल : जुना पत्रा न फोडता उतरवायचं काम

माणगावात आमचं फॅब्रिकेशनचं दुकान २००९ पासून आहे. ग्रिल, गेट, शटर, शेड सगळंच करतो, पण म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत लोक आम्हाला ओळखतात ते "पत्रा न फोडणारे" म्हणून. हे नाव टिकवताना दुकान बंद पडायची वेळ आली होती, ते आज एकदा लिहूनच काढतो.

आपल्याकडे सिमेंटचे पत्रे कसे आले ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मंगलोरी कौलं होती, दरवर्षी पावसाआधी शाकारणी, त्यात माकडांचा धुडगूस, एक टोळी गेली की शंभर कौलं फुटलेली. मुलं मुंबईला, घरात म्हातारी माणसं, वर चढणार कोण? मग कौलं काढून सिमेंटचा पत्रा टाकला, माकडं नाचली तरी फुटत नाही म्हणून सगळे खूश. त्या पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं, म्हणजे छातीला घातक असे दगडाचे बारीक तंतू, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आम्हाला ते कळलं एका काकांमुळे. काका मुंबईत सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात अख्खी नोकरी करून गावी आलेले. घराचे पत्रे काढून कलर कोटेड, म्हणजे रंगीत लोखंडी पत्रे टाकायचे होते. मी आणि भाऊजी गाडीतून ग्राइंडर काढतोय तोच काका ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "बाळा, ते मशीन गाडीत ठेव परत. माझ्या अंगणात ते चालू झालं तर मी तुला चहासुद्धा विचारणार नाही." मग आत जाऊन छातीच्या एक्स-रेचा मोठा पिवळा लखोटा घेऊन आले. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं पेपरातलं कात्रणही त्यातच होतं, कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं ठेवली पाहिजे असा तो निकाल. काका म्हणाले, "कारखान्यातल्या माणसाची नोंद तरी राहते, घराघरात पत्रे फोडणाऱ्या पोरांची कोण ठेवतंय?"

त्या दिवसापासून आमच्याकडे सिमेंटच्या पत्र्याला ग्राइंडर लागलेला नाही.

आता काम कसं करतो ते सांगतो, कारण रेट ऐकून लोक विचारतात की उतरवायचे एवढे पैसे कसले. पत्र्यात तंतू दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सिमेंट. अख्खा पत्रा गप पडून असतो, पण फोडला, कापला, घासला की ते तंतू हवेत जातात, डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत, आणि छातीत गेले की आजार वर यायला वीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणून आधी पत्रा भिजवायचा. त्याला आम्ही आंब्याला फवारतात तो पाठीवरचा पंप वापरतो, औषधाचा नाही, वेगळा ठेवलेला, त्यात पाणी आणि थोडा भांड्याचा साबण, म्हणजे पाणी नुसतं ओघळून न जाता आत मुरतं. पत्रा धरणारे वाकडे जे-बोल्ट गंजून धरलेले असतात, ते बोल्ट कटरने खाली पर्लिनजवळून, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीजवळून तोडायचे. भोकाशी हातोडा मारायचा नाही, तिथूनच पत्रा तडकतो. वर चालायचं ते बोल्टच्या रेषेवर आणि तेही फळी टाकून, जुन्या पत्र्यातून खाली पडून माणसं गेलेली या धंद्यात सगळ्यांनी ऐकलीयत. मग पत्रा दोरीने धरून दोन बांबूंवरून सरकवत खाली घ्यायचा. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या वर भरतो, भिजला की अजून जड, त्याला चार माणसं लागतात. खाली जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप. कामाचे कपडे तिथेच काढून वेगळ्या पिशवीत, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. मास्क म्हणजे रबरी हाफ मास्क गुलाबी फिल्टरचा, कापडी रुमालाने काही होत नाही. दाढी असेल तर मास्क बसत नाही, यावरून एक चांगला फिटर काम सोडून गेला, पण मी नियम सोडला नाही.

२०२० ला मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, दुकान बंद, छोट्या हत्ती टेम्पोचे हप्ते चालू. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ज्यांनी ते बघितलं त्यांना सांगायची गरज नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, सुपारीच्या बागा आडव्या, कित्येक गावांत महिना महिना लाईट नाही, आणि सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे अंगणात, विहिरीत, रस्त्यावर. लोक झाडूने झाडत होते ते तुकडे. पोरं त्यांच्या चिपा करून खेळत होती. मी गाडी थांबवून थांबवून सांगायचो की आधी पाणी मारा, हाताने उचला, झाडू नका, आणि लोक म्हणायचे डोक्यावर छप्पर नाही आणि तू हे काय सांगतोस. त्यांचंही बरोबर होतं.

ऑर्डरी खूप आल्या, घेतल्या, थोडा थोडा ॲडव्हान्स घेऊन रेट लिहून दिले. तेव्हा आमच्याकडेच शिकलेला एकजण, नाव घेत नाही, पाच वर्षं आमच्या घरचं जेवला, तो आमच्या गिऱ्हाइकांची वही पाठ करून बाहेर पडला. त्याने रेट लावला आमच्या निम्मा. निम्मा कसा परवडतो? राहिलेले पत्रे वरूनच घणाने फोडून खाली पाडायचे, उरलेले ग्राइंडरने कापायचे, मास्क नाही, पाणी नाही, आणि तुकडे रात्री ओढ्याला ओतायचे. आमच्या दोन दिवसांच्या कामाला त्याला एक सकाळ पुरायची. ॲडव्हान्स दिलेली माणसं फोन करून म्हणायला लागली, पैसे परत द्या, तो स्वस्तात करतोय. दिले परत. एका शाळेचं काम जवळजवळ ठरलं होतं, तेही त्याला गेलं, आणि शाळेच्या आवारात पांढरी धूळ बसलेली मी स्वतः जाऊन बघितली. तक्रार केली, कागद घेतला, पुढे काही झालं नाही. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्यात वर्षाच्या शेवटाला स्टीलचे भाव भडकले. व्यापारी म्हणाला पूर्ण रोख टाका तर माल. आम्ही जुन्या रेटने शब्द दिलेला. भाऊजी म्हणाले, रेट वाढवून मागू. मी म्हटलं, दिला तो दिला. बायकोच्या बांगड्या सोसायटीत गहाण गेल्या, वेल्डिंगचं एक मशीन विकलं. दुकानाचा गाळा सोडायचं ठरलंच होतं.

तेव्हा काकांनी त्यांच्या वाडीची मीटिंग लावली, मुंबईकर मंडळी फोनवर आणि गावातली देवळात. तिथे तोच एक्स-रेचा लखोटा काढून दाखवला म्हणे. वाडीतली सगळी घरं आमच्याकडे द्यायचं ठरलं आणि मुंबई मंडळाने अर्धे पैसे आधी दिले. मी तिथे नव्हतो, रात्री काकांचा फोन आला, "उद्या ये, पंप घेऊन ये." बांगड्या पुढच्या वर्षी सुटल्या.

नंतरची वर्षं ठीक गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

उतरवलेल्या पत्र्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. ग्रामपंचायतीकडे सोय नाही. तळोज्याला धोकादायक कचऱ्याची जागा आहे, पण ती उभी केलीय कारखान्यांसाठी, एका घराच्या पंचवीस पत्र्यांसाठी मेंबरशिप, कागद आणि टनावर पैसे कोण भरणार? आपल्या देशात अ‍ॅसबेस्टॉसच्या नवीन खाणींना परवानगी देणं १९८६ लाच थांबलं, पण बाहेरून आणून पत्रे बनवणं आणि विकणं चालूच आहे. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बंदी. एका गिऱ्हाइकाचा मुलगा तिकडे असतो, तो सांगत होता की तिथे हे काम त्याचं शिक्षण घेतलेली माणसंच करतात. इथे आम्ही करतो तर महाग म्हणतात.

एक सांगून ठेवतो, कुणी विचारलं नसलं तरी. पत्रा अख्खा असेल, तडा नसेल तर घाईने काढू नका, वरून रंग द्या आणि राहू द्या. शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारू नका. डिश बसवायला ड्रिल करू नका. काढलेला पत्रा गोठ्याला किंवा न्हाणीला "वापरून टाकू" म्हणून तोडत बसू नका. नवीन घेताना दुकानदाराला अ‍ॅसबेस्टॉस नसलेलाच पत्रा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. आणि जुन्या खिडक्यांचा रंग खरवडणार असाल तर तोही ओला करून पॉलिश पेपरने, कारण रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल त्याचा भरवसा नाही. घरात लहान मूल असेल तर ते काम चालू असताना त्याला मामाकडे पाठवा.

छप्पर आम्ही मे संपायच्या आत उरकतो, पावसात घर उघडं टाकत नाही. गणपतीला नवीन छप्पर हवं असेल तर शिमग्याला गावी याल तेव्हाच दुकानात येऊन माप देऊन जा. गणपतीच्या तोंडावर फोन केलात तर तेव्हा मोकळा असतो तो एकच माणूस, आणि तो ग्राइंडर घेऊन येतो.