तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं प्रेम येतं कुठून?

शनिवारी मी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जाते हे कळलं की डबा खाता खाता कोणीतरी विचारतंच, "एवढं प्रेम येतं कुठून हो? की तुम्हा ख्रिस्ती लोकांच्या रक्तातच असतं?" त्यात आम्ही मिरजेचे. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून ख्रिस्ती माणूस म्हणजे सेवाभावी, हे गावाने परस्पर ठरवून टाकलंय.

रक्तातबिक्तात काही नव्हतं. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, पाय धुवायच्या कामाला माणूस कमी पडतंय, कोण येईल? कोणी मान वर करेना. मी नेमकी पुढच्या बाकावर. भिडेखातर गेले, एवढंच.

पहिल्या दिवशी हात पुढे होईना. औषध सुरू झालं की लवकरच त्या माणसापासून लागण होईनाशी होते, हे मला पाठ होतं. शिवाय तिथले बहुतेक जण तर कधीचेच बरे झालेले. पण हाताला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही तिथे भजनं म्हणतो. औषधाने जंतू मरतात, पण मेलेली नस परत येत नाही. तळव्याला घाम नाही, म्हणून कातडी सुकून भेगाळते. संवेदना नाही, म्हणून खडा टोचला तरी माणूस चालत राहतो. घट्टा वाढतो, त्याच्याखाली जखम होते आणि रक्त दिसेपर्यंत पत्ता नसतो. म्हणून पाय वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. गरम पाणी अजिबात नाही, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. मग वजरीने घट्टा हलक्या हाताने घासायचा आणि पाय ओलसर आहेत तोवरच तेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते. शेवटी चप्पल उलटी करून बघायची. मऊ रबराच्या त्या चपलांना खिळा मारत नाहीत, पण रस्त्यावरचा खिळा घुसून बसलेला असू शकतो.

यात प्रेम कुठे आलं? पहिले काही महिने कुठेच नाही. पाठ दुखायची. एक आजी दर वेळी खेकसायच्या, "जोरात घास की! जेवली नाहीस का?" मला राग यायचा. घरी येऊन मी कुरकुर करायचे.

लहानपणी संडे स्कूलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय घोकला होता. आमच्या बायबलात शब्द 'प्रीती' आहे: प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. त्या दिवसांत तो पुन्हा वाचला आणि चमकले. प्रीतीला मनात काय वाटतं याचा तिथे फारसा पत्ताच नाही. ती काय करते आणि काय करत नाही, त्याचीच यादी. मला हायसं वाटलं. म्हणजे आधी वाटलंच पाहिजे अशी अट नव्हती तर.

मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, आजींचा डावा पाय मला ओळखीचा झाला. करंगळीखालची जखम भरत आली की मला आठवडाभर बरं वाटायचं. नव्या भेगा दिसल्या की मीच खेकसायला लागले, "अनवाणी कुठे फिरलात?"

मागच्या पावसाळ्यात मी टबाशी उकिडवी बसले होते. आजींचं लक्ष माझ्या टाचांकडे गेलं. "अगं, तुझ्या भेगा माझ्यापेक्षा वाईट! इकडे कर पाय." मी पाय आखडून घेतला. आईपेक्षा वयाने मोठी बाई, तिने माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे पापच की. येशू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रानेही हेच केलं होतं, हे त्या क्षणी कुठलं आठवायला.

त्यांनी ऐकलं नाही. वाकड्या बोटांत तेल धरता येत नाही, म्हणून तळहाताच्या कडेने त्या ते माझ्या टाचेला चोळत राहिल्या. बराच वेळ. तेल सांडून माझी सलवार खराब झाली.

"पुढच्या शनिवारी बघते," त्या म्हणाल्या, "अनवाणी फिरू नकोस."