ओपीडीतून अकिलीस टेंडनची ट्रायल चालवताना

अकिलीस टेंडन म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड शीर. तिच्यात टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरवर होणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी व्यायामाच्या दोन पद्धतींची तुलना मी साध्या ओपीडीतून केली. एका गटाला स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञ अल्फ्रेडसन यांचा १९९८चा व्यायामाचा कार्यक्रम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यायची, वर येताना भार चांगल्या पायावर घ्यायचा. १५चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा! दुसऱ्या गटाला आठवड्यातून तीनदाच, पण वजन वाढवत नेऊन सावकाश करायचे व्यायाम.

रुग्ण निवडताना ही शीर तुटलेली नाही ना, हे आधी बघायचं. रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल खाली झुकायला हवं. टाचेच्या हाडालगत दुखणारे वगळले. पायरीखाली टाच नेली की त्यांची शीर हाडावर दाबली जाते. नुकतंच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेतलेलेही वगळले, कारण या औषधांनीच टेंडनला इजा होऊ शकते.

मोजमापावर मी सर्वांत जास्त वेळ दिला. अकिलीसचा त्रास मोजणाऱ्या व्हिसा-ए प्रश्नावलीत आठ प्रश्न, १०० गुण; जास्त गुण म्हणजे त्रास कमी. त्यातले ४० गुण शेवटच्या दोन, खेळाबद्दलच्या प्रश्नांना. धावपटूसाठी हे योग्यच, पण साध्या ओपीडीत येणारे बरेच जण खेळतच नाहीत. दुखणं थांबलं तरी त्यांचे गुण खालीच राहतात. म्हणून रोज चालतानाची वेदना शून्य ते दहावर नोंदवायचं प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यातच लिहिलं आणि खेळणारे व न खेळणारे यांचं दोन गटांत चिठ्ठीने होणारं वाटप वेगवेगळं ठेवलं.

गटांत व्हिसा-एच्या १० गुणांचा फरक शोधायचा आणि प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या गुणांचा पसारा) २० धरलं, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) व ५ टक्के पातळीला (फरक नसताना दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात ६४ रुग्ण लागतात. २० टक्के रुग्णांची मधेच गळती धरली की ६४ला ०.८ने भागायचं, ८० येतात. ६४मध्ये २० टक्के मिळवले तर ७७च होतात आणि शेवटी रुग्ण कमी पडतात.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि ट्रायलची जाहीर नोंदणी, दोन्ही पहिल्या रुग्णाआधी. नंतर केलेली नोंदणी चांगली नियतकालिकं मान्य करत नाहीत.

व्यायाम लपवता येत नाही, त्यामुळे आधी कोणाला काय मिळालं ते डॉक्टरला कळतंच. वाटप ब्लॉकने होतं, म्हणजे दोन्ही गटांना सारखेच रुग्ण देणाऱ्या छोट्या तुकड्यांनी. सगळे ब्लॉक चारचे असतील तर चौथा रुग्ण कुठे जाणार हे सहज ओळखता येतं. म्हणून चार आणि सहाचे ब्लॉक मिसळले, वाटपाची यादी रुग्णांना न भेटणाऱ्या सहकाऱ्याने केली. अपारदर्शक, क्रमांक घातलेल्या पाकिटात गटाची चिठ्ठी आणि तिच्यावर कार्बन पेपर ठेवला: आधी पाकिटावर रुग्णाचा क्रमांक आणि तारीख, मग उघडायचं. आतल्या चिठ्ठीवर ठसा नसेल, तर पाकीट आधीच उघडलं गेलंय.

व्यायामाच्या वहीवर मात्र फार विसंबू नये. एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओळीत महिनाभराच्या बरोबरच्या खुणा दिसल्या, की त्या बाहेरच्या बाकावर बसून केलेल्या असतात. त्यापेक्षा आठवड्याला फोन करून फक्त कालचं विचारावं. आणि ज्याने व्यायाम अर्धवट सोडला, त्यालाही १२ आठवड्यांनी बोलवावं, त्याच्याच गटात मोजावं.