वायकिकीच्या लाटा आणि रोज पहाटेचा फोरकास्ट

नोकरीसाठी हवाईतल्या होनोलुलूला आलो तेव्हा सर्फिंग वगैरे डोक्यातही नव्हतं, पण इथे ऑफिसात लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं "साउथ स्वेल येतोय म्हणे" (म्हणजे दक्षिणेकडून, लांबून येणाऱ्या लाटा) असं बोलत असतात, मग काय, आपणही वायकिकीच्या किनाऱ्यावर उतरलो. बोर्डवर उभं राहणं हळूहळू जमलं, खरी डोकेफोड पहाटे उठून लाटांचा फोरकास्ट बघायचा आणि जायचं का परत झोपायचं हे ठरवायचं याची.

पहिला घोळ उंचीचा. इथले जुने लोक दोन फूट म्हणाले की समोरून ती लाट चांगली चार फुटी असते, हवाईयन मापच तसं आहे, साधारण अर्धं. त्यामुळे आकडा कुठला आणि कोण सांगतंय हे आधी बघायचं.

पण उंचीपेक्षा मला पिरियड, म्हणजे एकामागून एक दोन लाटा किती सेकंदांनी येतात ते, बघायची सवय लागली ती फार कामाची. २ फूट ८ सेकंद म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठलेली किरकोळ खळबळ, आणि २ फूट १६ सेकंद म्हणजे न्यूझीलंडकडच्या वादळातून आठवडाभर प्रवास करून आलेला माल, उन्हाळ्यात आमच्या दक्षिण किनाऱ्याला हाच येतो, रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, चढला की बॉयवरच्या (समुद्रात तरंगणाऱ्या, लाटा मोजणाऱ्या यंत्रावरच्या) आकड्यापेक्षा कितीतरी मोठा उभा राहतो. आणि गंमत म्हणजे लांब पिरियडच्या लाटा जास्त वेगाने पळतात, त्या आधी पोचतात, बाकीचा माल मागून. एकदा बार्बर्स पॉइंटच्या बॉयवर २० सेकंद दिसले, उंची जेमतेम अर्धा फूट. बोर्ड भाड्याने देणाऱ्या अंकलना मोबाईल दाखवला (इथे वयाने मोठे सगळेच अंकल), ते बोर्ड पुसता पुसता म्हणाले, "आज नको, उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सपाट, बरेच जण वैतागून घरी गेले. दुपारी क्वीन्सला (वायकिकीतली सर्फिंगची एक जागा) पंधरा-पंधरा मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम लांबवर तीन-चार काळ्या रेघा, की सगळे एकदम हात मारायला लागतात.

वाऱ्याचं सोपं आहे, ट्रेड विंड ईशान्येकडून येतो, वायकिकीला तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाटेचं तोंड स्वच्छ राहतं. कोना वारा, म्हणजे उलटा समुद्राकडून येणारा, आला की चहा करायचा आणि घरी बसायचं. भरती-ओहोटीचं मात्र आपल्या कोकणवाल्यांना हसू येईल, मुंबईला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, इथे एक मीटरसुद्धा नाही, तरी ओहोटीला रीफ एवढी वर येते की पाय सोलून निघतात.

आणि एक, पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी डंख मारणारे बॉक्स जेलीफिश किनाऱ्याला येतात. कॅलेंडरवर ते दिवस मी खुणा करून ठेवलेत, लाटा कितीही भारी असोत, तेव्हा जात नाही. अंकल जातात.