जाव काय नको?

18 जुलै, मालवण. रात्री. संध्याकाळपासून लाइट नाही.

आज वाडीवर जाऊन आलो. सात वर्षांची पोर. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, गाठ. परळला सहा आठवडे रेडिएशनचा शेक घेऊन आली, त्यानंतरचे चार महिने चांगले गेले. अंगणात सायकलसुद्धा चालवली. आता डावा डोळा पुन्हा तिरळा झालाय, आणि स्टेरॉइडने तोंड इतकं सुजलंय की भिंतीवरच्या शाळेच्या फोटोतली हीच का, असं वाटावं.

आजी उकड्या तांदळाची पेज भरवत होती. वरची निवळ दिली की ठसका. खालची दाट शितं मात्र पोर नीट गिळत होती. पातळ पाणी घशातून भर्रकन उतरतं, कमजोर स्नायूंना तेवढी सवड मिळत नाही. म्हटलं, पेज घोटून दाट करा, पोरीला ताठ बसवा, लहान चमच्याने द्या.

बाप छत्री घेऊन गडग्यापर्यंत पोचवायला आला. "डॉक्टरांनू, एक तारखेक मासेमारीची बंदी उठता. मी ट्रॉलरवर जाव काय नको?"

या प्रश्नाचं मी एकदा छातीठोक उत्तर देऊन बसलोय. दुसरं गाव, असाच मुलगा. बापाला म्हटलं होतं, तीनेक आठवडे. त्याने खलाशाची जागा सोडली, मालकाने दुसरा माणूस घेतला. मुलगा शिमग्यापर्यंत होता. पालखी दारात आली तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून नाचला. बाप मला कधी काही बोलला नाही. त्याची उधारी कळली ती दुकानदाराकडून.

2000 साली शिकागोतल्या हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली सेवा घेणाऱ्या, 468 रुग्णांबद्दल 343 डॉक्टरांना विचारलं होतं, किती दिवस? जेमतेम 20 टक्के अंदाज बरोबर आले, 63 टक्के फाजील आशेचे. माझा उलट्या बाजूला चुकला. त्यात आणखी एक निघालं होतं: रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितका अंदाज कच्चा. या पोरीला पहिली लस मीच टोचलीय.

"माका ठावक नाय," म्हटलं. मग मी जे धरून चालतो ते सांगितलं. बदल महिन्यागणिक दिसला तर हाती महिने, आठवड्यागणिक दिसला तर आठवडे. सध्या आठवड्यागणिक दिसतोय. 31 ला सकाळी पुन्हा बघतो, तोवर मालकाला होय-नाय सांगू नको. पुढे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली की तिथे वाटा मिळतो का तेही विचारून ठेव, रात्री घरी तरी असशील. (ट्रॉलरवाल्याला रापणवाले घेतील का, ते आणि वेगळंच.)

"बगूया," तो म्हणाला. माझाच शब्द. ओपीडीत दिवसातून दहा वेळा वापरतो.

गाडी वळवली तेवढ्यात खळ्यातून आजीची हाक. "डॉक्टरांनू, उद्या पण दाटच करू मां?"

"होय, दाटच."