शाळेच्या खालचं घर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेनं मला काय दिलं’ यावर लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवला तो एक इंग्रजी शब्द. संस्कार, शिस्त वगैरेंवर बाकीचे लिहितीलच.

1986 साली मी नववीत होतो. आपली शाळा पाटण खोऱ्यातली, त्यामुळे हादऱ्यांचं आम्हाला नवल नव्हतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा मोठा भूकंप आमच्या जन्माआधीचा, घरच्यांच्या तोंडून ऐकलेला. आई मुलांची वयंसुद्धा त्यावरूनच सांगायची. थोरला भूकंपाच्या आधीचा, धाकटा नंतरचा. बारके हादरे मात्र आमच्याही वाट्याला यायचे. तावदानं थरथरली, की मागच्या बाकावरून कुणीतरी “आला रे” म्हणायचं आणि तास पुढं चालू.

त्या दिवशी इंग्रजीचा तास होता. हादरा बसला आणि माझी पत्र्याची कंपासपेटी बाकाच्या उतारावरून सरकत खाली आपटली. कर्कटक एकीकडं, कोनमापक दुसरीकडं. हातात खडू धरून सर क्षणभर तसेच उभे राहिले. मग धडा तिथंच सोडून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, सबजेसंट. भूमितीतले संलग्न कोन आम्हाला पाठ होते. त्यातल्या ‘संलग्न’ला इंग्रजीत ॲडजेसंट म्हणतात, हे त्यांनी आधी सांगितलं आणि नवा शब्द खडूच्या रेघेनं मध्येच तोडला. ‘जेसंट’ हा तुकडा लॅटिनमधल्या ‘पडून असणे’ या क्रियापदाचा. ‘ॲड’ म्हणजे जवळ, ‘सब’ म्हणजे खाली. शेजारी पडून असतं ते ॲडजेसंट, खाली पडून असतं ते सबजेसंट.

“आत्ता जे हललं ना, ते सबजेसंट,” सर म्हणाले. “दिसत नाही, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. पेटी उचल ती.”

असला शब्द हाती लागल्यावर तो वापरल्याशिवाय राहवतंय कुठलं! सहामाहीत ‘माय स्कूल’ हा निबंध आला आणि मी ठोकून दिलं, ‘माय हाउस इज सबजेसंट टू माय स्कूल.’ मला म्हणायचं होतं ‘जवळ’, पण दोन्ही शब्दांची गल्लत झाली. पेपर परत मिळाला तेव्हा समासात लाल शाईनं लिहिलं होतं, “तुझं घर शाळेच्या तळघरात आहे काय?” अर्धा गुण गेला. वर दहावी होईपर्यंत वर्गात माझं नाव ‘तळघर’ पडलं. दोघंतिघं अजूनही फोनवर त्याच नावानं सुरुवात करतात.

पुढं मी भूगर्भशास्त्राला गेलो. त्या शब्दामुळंच गेलो असं म्हणणं गोड वाटेल, पण खरं कारण म्हणजे प्रवेश तिथंच मिळाला. शब्द मात्र तिथं पुन्हा भेटला, खालच्या खडकांसाठी. इंग्रजी कायद्यातही तो आहे. आपल्या जमिनीला तिच्या खालच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क, म्हणजे ‘सबजेसंट सपोर्ट’. खाणवाल्यांनी खालून पोखरून वरचं घर खचवलं, की हा मुद्दा निघतो.

आपल्या खोऱ्यात वर दिसतो तो काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्याखाली काय आहे, ते कोयना परिसरात खोल विंधन झालं तेव्हा हाती आलं. पहिल्याच भोकात सुमारे 930 मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, मध्ये गाळाचा खडक नावालाही नाही. (या ‘नाइस’चं स्पेलिंग ‘जी’पासून सुरू होतं आणि तो ‘जी’ उच्चारायचा नसतो.) ओळखीतून मला ते कोअर पाहायला मिळाले. लांबट पेट्यांत ओळीनं ठेवलेले दगडाचे दंडगोल, एका पेटीत काळे, पुढच्या पेटीत करडे, फिकट पट्ट्यांचे. अडीचशे कोटी वर्षांहून जुना दगड, हाताला गार. धरणाचं पाणी साठायला लागल्यापासून जे हादरे चालू झाले, त्यांची केंद्रं मुख्यतः याच खालच्या खडकात. मी त्या फिकट तुकड्यावर बोट टेकवलं आणि मला माझी पत्र्याची पेटी आठवली.

गेल्या वर्षी सहज जाड कोश उघडला. सबजेसंटचा दुसराही अर्थ निघाला! बरोबर खाली नसलं तरी खालच्या पातळीवर असलेलं, म्हणजे डोंगर आणि त्याच्या पायथ्याची दरी. आता आपली शाळा टेकडीवर आणि आमचं घर खाली ओढ्याच्या काठाला. पावसाळ्यात त्या घसरड्या वाटेवर चपला हातात घेऊन चढायला लागायचं, हे माझ्याबरोबर चढलेल्यांना आठवत असेल. म्हणजे चुकून का होईना, वाक्य बरोबर होतं.

सरांना फोन केला. आता ऐकू थोडं कमी येतं त्यांना, त्यामुळं कोशातला अर्थ दोनदा वाचून दाखवावा लागला.

“बरं,” सर म्हणाले, “मग अर्धा गुण तुझा. पण स्पेलिंग तरी बरोबर लिहिलं होतंस का?”

मी काही बोललो नाही. ‘जे’च्या जागी मी ‘जी’ काढला होता.