तुम्ही विचारलंत म्हणून: 156 डॉलरचं गणित

सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी इंटरव्ह्यूला आलेल्या पोरांकडूनही हा प्रश्न हमखास येतो: "तुम्ही टेनिस खेळायचात ना? मग कंपनीत एवढे वर कसे पोचलात? खेळाचा उपयोग झाला का?" विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. शिस्त, जिद्द, टीमवर्क. मी आपला मान हलवून मोकळा होतो. आज मात्र नीट सांगतो.

दाखले दिले जातात ते थोरामोठ्या टेनिसपटूंचे. रने लाकोस्तने 1933 मध्ये शर्टांची कंपनी काढली, त्याची मगर अजून लोकांच्या छातीवर आहे. रोमानियाच्या इयॉन त्सिरियाकने तर 1990 मध्ये बँकच उघडली. पण त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. मला पुण्यातल्या चार क्लबांपलीकडे कुत्रं ओळखत नव्हतं.

टेनिस म्हटलं की पुणेकरांना बालेवाडीची महाराष्ट्र ओपन आठवते, 2018 ते 2023 मधली. दिवे, कॅमेरे, परदेशी खेळाडू. आम्ही खेळायचो ते याच्या कितीतरी पायऱ्या खाली. आमच्या वेळी 10,000 डॉलरच्या फ्युचर्स, म्हणजे व्यावसायिक टेनिसमधल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धा असायच्या, आता 15,000 च्या असतात. हा आकडा अख्ख्या स्पर्धेच्या बक्षिसांचा बरं का! अलीकडे त्यात एकेरी जिंकणाऱ्याला 2,160 डॉलर मिळतात आणि पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्याला 156. त्यात रेल्वे, लॉज, जेवण, रॅकेटचं गटिंग (जाळीच्या तारा बदलणं), सगळं भागवायचं. वर मिळालेले रँकिंगचे गुण 52 आठवड्यांनी गळून पडतात, म्हणजे गेल्या वर्षीची कमाई यंदा पुन्हा कमवायची. कुठली स्पर्धा खेळायची आणि कुठली परवडत नाही, हे विशीतल्या पोराने एकट्याने ठरवायचं. कॉस्टिंग मी तिथे शिकलो. एमबीए नंतर झालं.

आणखी एक. उजव्या हाताने सर्व्हिस करताना मागचा पाय फरफटत पुढे येतो. त्यामुळे उजव्या बुटाचं टोक आधी जातं, बाकीचा जोड धडधाकट. मी बूट कोरा असतानाच टोकाला रबराची पट्टी चिकटवून घ्यायचो. आज चाकणच्या कारखान्यासाठी मशीन घ्यायचं असलं की किमतीच्या आधी विचारतो, यातलं पहिलं काय झिजणार आणि ते मिळणार कुठे? विकायला आलेला माणूस जरा चपापतो, मग कॅटलॉग बंद करून खरं बोलायला लागतो.

राहिलं टीमवर्क. एकेरीवाल्याकडून ते कसलं शिकताय? मॅच चालू असताना कोचने सल्ला द्यायलाही आमच्या वेळी बंदी होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती सवलत सरसकट दिली 2025 पासून. आम्ही दोन-दोन तास स्वतःशीच भांडायचो. टीमवर्क मला शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरांनी शिकवलं, तेही चांगलं फैलावर घेऊन.