इब्सेनच्या घरी गेले आणि त्याच्यावर चिडून आले

नॉर्वेहून परतलेल्या माणसाकडे सगळे फ्योर्डचे फोटो मागतात. तर फ्योर्ड पाहिले, सुंदर होते, बोटीवर दात वाजत होते आणि बर्गनला पाऊस थांबला नाही. झालं. मला लिहायचंय ते नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याच्याबद्दल. त्याच्या घराच्या पायऱ्या मी देवळात जावं तशा चढले होते आणि परत येईपर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होते.

कॉलेजात असताना आम्ही त्याच्या 'डॉल्स हाउस'चा शेवटचा प्रवेश स्पर्धेत केला होता. मी नोरा नव्हते. मी विंगेत फळीवर फळी आपटणारी मुलगी होते, म्हणजे नोरा घर सोडून जाते तेव्हाचा तो जगप्रसिद्ध दाराचा आवाज माझा. पुढे अनंत काणेकरांनी त्याच नाटकावरून केलेलं 'घरकुल' वाचलं आणि इब्सेन म्हणजे बायकांच्या बाजूचा माणूस हे डोक्यात पक्कं बसलं. भाचा नोकरीनिमित्त ऑस्लोत आहे. त्याला म्हटलं, मला इब्सेनचं घर बघायचंय. तो म्हणाला, "मावशी, लोक इथे ऑपेरा हाउसच्या छपरावर चढायला येतात." चढले तिथेही. वारा होता.

इब्सेनचं घर राजवाड्याच्या बागेला लागूनच आहे. 1895 मध्ये तो तिथे राहायला आला आणि 23 मे 1906 रोजी तिथेच गेला. त्याआधी 27 वर्षं तो इटली आणि जर्मनीत होता. नॉर्वेतल्या बंद दिवाणखान्यांवरची जवळजवळ सगळी गाजलेली नाटकं त्याने नॉर्वेबाहेर बसून लिहिली, 'डॉल्स हाउस' तर 1879 च्या उन्हाळ्यात आमाल्फीला. घर बघायचं तर गाइडबरोबरच जावं लागतं. एरवी मला गाइड नको असतो, पण इथे बरं वाटलं, कारण तो नसता तर इब्सेनच्या लिहायच्या टेबलाजवळून मी हललेच नसते.

टेबलासमोरच्या भिंतीवर स्ट्रिंडबर्गचं मोठं चित्र आहे, क्रिस्टियान क्रोगने काढलेलं. स्ट्रिंडबर्ग हा स्वीडनचा नाटककार, इब्सेनचा उघड वैरी. इब्सेनने ते चित्र विकत घेतलं आणि नेमकं लिहायच्या जागी लावलं. हा माझा शत्रू आहे, मी लिहिताना तो बघत राहिला पाहिजे, अशा अर्थाचं तो बोलायचा. आपल्याकडे लेखकाच्या टेबलासमोर सरस्वती नाहीतर आईवडिलांचा फोटो. या माणसाला लिहायला पहारेकरी लागत होता. आणि खेळणीसुद्धा! लिहिताना जवळ एका तबकात लाकडी अस्वल, छोटा काळा सैतान, मांजरी, ससे असली चिल्लीपिल्ली मांडलेली असत. शिवाय टोपीच्या आत बसवलेला आरसा, केस नीट आहेत ना हे बघायला. पदकांचाही भारी सोस. समाजाची अब्रू वेशीला टांगणारा हा लेखक स्वतः मात्र छातीवर बिल्ले लावून, ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने ग्रँड कॅफेत जायचा. लोक म्हणे त्याला बघून घड्याळं लावत. आता त्या रस्त्याच्या फुटपाथमध्ये त्याच्या वाक्यांची धातूची अक्षरं बसवली आहेत. लोक त्यांच्यावरून ट्रॉली बॅगा ओढत जातात.

इथवर मला तो आवडतच होता. मरणाच्या दारात असताना नर्स कुणाला तरी म्हणाली, आज यांना जरा बरं आहे. त्यावर तो "उलट!" एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. असा हट्टी म्हातारा कुणाला आवडणार नाही?

मग आम्ही ग्रिमस्टाडला गेलो. वाकडी वाट करून आधी शीएन या त्याच्या जन्मगावी. गावाबाहेर व्हेनस्टप नावाचं शेतावरचं घर आहे. बापाचा, क्नूदचा, व्यापार बुडाला, गावातली मालमत्ता गेली आणि 1835 मध्ये हे कुटुंब इथे येऊन राहिलं, तेव्हा हेन्रिक 7 वर्षांचा होता. वर माळा आहे. त्याचं 'वाइल्ड डक' वाचलेल्या माणसाने त्या माळ्याखाली उभं राहून बघावं. नाटकातला म्हातारा एकदाल असाच धुळीला मिळालेला. माळ्यावर कोंबड्या, ससे आणि एक जखमी रानबदक पाळतो आणि तिथेच शिकारीला जातो. घरातल्या 14 वर्षांच्या पोरीचं नाव हेडविग. इब्सेनच्या सख्ख्या बहिणीचंही नाव हेडविग. 'पेअर ग्युंट'मधली आई आपल्या आईवरून घेतली हे त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय, आणि त्या नाटकातल्या बापानेही पैसा उधळून घर बुडवलेलं असतं. अख्खं कुटुंब रंगमंचावर आणलं, पण 1850 नंतर आईवडिलांना भेटायला म्हणून तो एकदाही फिरकला नाही. आई 1869 मध्ये गेली, वडील 1877 मध्ये.

ग्रिमस्टाड हे समुद्राकाठचं पांढऱ्या लाकडी घरांचं गाव, इतकं नीटनेटकं की मोठ्याने शिंकायचीही चोरी. बसमध्ये तासन्‌तास कुणी कुणाशी बोललं नाही. एसटीची सवय असलेल्या माणसाला याचा फार त्रास होतो. पण जिथे उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी न मागता वाफल्स केले आणि वर तपकिरी चीज घातलं, जे जरा लागलेल्या खव्यासारखं लागतं. मी तीन खाल्ले. भाचा म्हणाला, शहरात एवढ्यालाच दोनशे क्रोनर पडले असते. बाईंचं ऋण मी तिथल्या तिथे मान्य केलं.

इथे इब्सेन 1844 च्या जानेवारीत औषधाच्या दुकानात उमेदवारीला आला. वय 15. मालकाच्याच घरात राहायचं, गोळ्या-पुड्या बांधायच्या, रात्री उरलेल्या वेळात शिकायचं. दुकान 1847 मध्ये दुसऱ्या इमारतीत गेलं. आज म्युझियम आहे ते तिथे. याच काळात त्याने 'काटिलिना' हे पहिलं नाटक लिहिलं. मित्राने पदरमोड करून ते 1850 मध्ये टोपणनावाने छापलं. प्रती खपल्या इनमिन तिसेक. बाकीच्या रद्दीत. नवकवींनी हा तपशील वहीत लिहून ठेवावा.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. त्या घरात एल्से सोफी नावाची मोलकरीण होती, त्याच्याहून 10 वर्षांनी मोठी. 1846 च्या ऑक्टोबरमध्ये तिला मुलगा झाला, हान्स याकोब. सरकारी चौकशी झाली तेव्हा इब्सेनने लिहून दिलं की तिचे इतर पुरुषांशीही संबंध होते, पण बाप असल्याचं मला नाकारता येत नाही. वाक्य नीट वाचा. 18 वर्षांच्या पोराला घाम फुटला असणार, कबूल. पण नाकारता येत नाही म्हणताना आधी तिच्यावर शिंतोडे उडवून घेतलेच की. पुढे 14 वर्षं तो पोटगीला बांधलेला होता. भेट नाही, ओळख नाही. एल्से सोफी दारिद्र्यात मेली. मुलगा लोहारकाम करत राहिला, तोही गरिबीतच.

हे सगळं मी बाकावर बसून भाच्याला सांगत होते. तो इंजिनिअर आहे. म्हणाला, "पण मावशी, पैसे तर दिले ना?"

इथे माझं डोकं फिरलं. अरे, हेच तर! हेच वाक्य त्याच्या नाटकांतले पुरुष बोलतात! 'घोस्ट्स' आठव. कॅप्टन आल्विंगला घरच्या मोलकरणीपासून मुलगी होते, मोलकरणीच्या हातावर पैसे ठेवतात, एका सुताराशी तिचं लग्न लावून देतात आणि प्रकरण मिटलं म्हणतात. पुढचं सगळं नाटक म्हणजे ते न मिटल्याची गोष्ट. 'वाइल्ड डक'मधली गीना आधी मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी कामाला होती, आणि पोरगी नवऱ्याची की त्या व्यापाऱ्याची याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. 'पेअर ग्युंट'मध्ये हिरव्या वस्त्रातली बाई एक कुरूप पोर घेऊन नायकाच्या दारात उभी राहते, हा तुझा म्हणते, आणि तो पळ काढतो. 1867 चं नाटक. पोटगीची वर्षं संपून फार दिवस झाले नव्हते.

'डॉल्स हाउस'ची कथाही अशीच. लॉरा कीलर नावाच्या तरुण लेखिकेने आजारी नवऱ्यासाठी चोरून कर्ज काढलं होतं. ते फेडायला पैसे हवेत म्हणून तिने आपलं हस्तलिखित इब्सेनकडे पाठवलं, प्रकाशकाकडे शब्द टाका म्हणाली. त्याने नकार दिला आणि नवऱ्याला सगळं सांगून टाक असा सल्ला दिला. तिने खोटा चेक केला, पकडली गेली, नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, मुलांपासून तोडलं. आणि 1879 च्या डिसेंबरात नोरा छापून आली! पहिल्या 8,000 प्रती महिन्याभरात संपल्या. नोरा ताठ मानेने दार आपटून जाते. लॉरा मात्र नवऱ्याच्या विनवण्या करून घरी परतली, आणि जन्मभर लोक तिला नोरा म्हणून ओळखत राहिले. ज्या आवाजासाठी मी विंगेत फळ्या आपटल्या तो असा आलेला.

1898 मध्ये नॉर्वेतल्या स्त्री-हक्क संघटनेने त्याचा सत्कार केला, तर तिथे उभं राहून म्हणाला की मी जाणूनबुजून स्त्रियांच्या चळवळीसाठी काही केलेलं नाही, मी आधी कवी आहे. पूर्वी मला हा विनय वाटायचा. ग्रिमस्टाडच्या बाकावर तो सरळ कबुलीजबाब वाटला.

भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे नालायक होता." हेही मला पटेना. नालायक माणूस विसरतो. हा विसरला नाही. त्याच्या चार ओळी प्रसिद्ध आहेत: जगणं म्हणजे मनातल्या राक्षसांशी झुंज, लिहिणं म्हणजे आपणच आपल्यावर खटला चालवणं. खटला तर त्याने जन्मभर चालवला, त्याच त्या आरोपांवर. स्वतःला एकदाही सोडलं नाही. दंड मात्र प्रत्येक वेळी नाटकातल्या माणसांनी भरला. ग्रिमस्टाडला त्यातलं काही पोचलं नाही.

परत ऑस्लोत आल्यावर नॅशनल थिएटरसमोर थांबले. दारात इब्सेन आणि नॉर्वेचाच दुसरा नाटककार ब्यर्नसन यांचे पुतळे आहेत, दोघे जिवंत असतानाच बसवलेले. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने ज्या 'आंधळ्यांची शाळा'ने मराठी रंगभूमीला नवं वळण दिलं, ते या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेलं. दोघे व्याहीही होते. इब्सेनच्या मुलाने, सिगुर्डने, ब्यर्नसनच्या मुलीशी लग्न केलं, आणि हा सिगुर्ड 1903 ते 1905 स्टॉकहोममध्ये नॉर्वेचा पंतप्रधान होता (तेव्हा नॉर्वे आणि स्वीडनचा राजा एकच होता). एक मुलगा पंतप्रधान, दुसरा लोहार. दोघे एकाच काळात जिवंत. असलं काही नाटकात घातलं असतं तर समीक्षक म्हणाले असते, फार ओढूनताणून आणलंय.

दुसऱ्यांदा त्या घरी जायला वेळ नव्हता, पण एक चुटपुट राहिली. 'जॉन गॅब्रिएल बोर्कमन' त्याने 1896 मध्ये तिथेच लिहिलं. पैशाच्या अफरातफरीत बुडालेला बँकवाला वरच्या खोलीत वर्षानुवर्षं येरझाऱ्या घालतो आणि खाली बायको ती पावलं ऐकते. बुडालेला बाप, साठ वर्षांनंतर, पुन्हा. हे आधी आठवलं असतं तर स्ट्रिंडबर्गच्या चित्रापेक्षा पायाखालच्या जमिनीकडे जास्त बघितलं असतं. म्हणून सांगते, जाणार असाल तर उलट्या क्रमाने जा. आधी शीएन, मग ग्रिमस्टाड, शेवटी ऑस्लो. आणि सोबत 'पैसे तर दिले ना' म्हणणारा एक माणूस असू द्या, भांडायला बरा पडतो.

मी परत आल्यावर काही दिवसांनी रात्री उशिरा भाच्याचा मेसेज आला. पठ्ठ्याने 'वाइल्ड डक' वाचून संपवलं होतं. "मावशी, हेडविग नक्की कोणाची?"

1884 पासून लोक भांडतायत, म्हटलं, फोन कर.